घासणारं चाक

गॅरेजच्या बाकावर माझ्या शेजारी एक बाई आणि तिचा दीर बसले होते. समोर त्यांची पिकअप उभी होती, नवे मोठे टायर घातलेली.

"भाऊजी, टायर बदलल्यापासून स्टिअरिंग डावीकडे ओढतंय."

"तुम्हाला सवय नाही, वहिनी. मोठ्या टायरवर गाडी जराशी जड लागणारच."

"आणि वळताना खरखर होते, तीही सवय नाही म्हणूनच का?"

"तुमच्या आधी शुक्रवार-शनिवार मीच चालवली की. मला नाही ऐकू आली."

मिस्त्री गाडीखालून बाहेर आला. "ताई, चाक पूर्ण वळलं की टायर ब्रेकच्या पाइपाला घासतोय. पाइप निम्मा झिजलाय. फुटला असता तर उतारावर ब्रेक लागला नसता."

"आवाज कधीपासून येत असेल?"

"पहिल्या वळणापासून."

"वहिनी, हे गॅरेजवाले असंच घाबरवतात."

"घाबरवत असतील. पण रविवारी गाडी दारात असताना तुम्ही मुलांना बसने नेलंत. आणि सोमवारी मला याच गाडीत रोपं भरून डोंगरावर धाडलंत."

दीर उठून चाकापाशी गेला.

"मिस्त्री," तो म्हणाला, "जुने टायर परत बसवायला किती वेळ लागेल?"