धाकटीचा आवाज

हाडांच्या डॉक्टरांकडे नंबराची वाट बघणाऱ्या शिंपीणबाईंच्या शेजारी दोघी बसल्या होत्या. एक मुलींच्या लॅक्रॉस (जाळीदार काठीने चेंडू झेलायचा-फेकायचा खेळ) संघाची कोच, दुसरी हाताला प्लास्टर घातलेली कप्तान.

“मॅडम, उद्या फायनलला माझ्या जागी कोण?”

“तुझी धाकटी बहीण.”

“ती? बचावात कोणी कोणाला अडवायचं, ते ओरडून सांगावं लागतं. तिच्या तोंडून शब्द फुटत नाही.”

“तू असताना तिला ओरडायची वेळ कधी आली?”

“मग मी बाहेरून सांगते ना.”

“तू माझ्याशेजारी गप्प बसायचं.”

“आणि हरलो तर?”

शिंपीणबाईंचा नंबर पुकारला गेला. दोघींचं बोलणं अर्धवट सोडवेना, म्हणून त्यांनी पलीकडे बसलेल्या एका आजोबांनाच पुढे धाडलं.

“हरू. पण पुढच्या वर्षी तू नसशील, तेव्हा ती बोलत असेल.”



“माझी काठी तिला देते, मॅडम. तिच्या काठीची जाळी सैल झालीय. चेंडू निसटतो.”