सॅकमधल्या विटा

हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. शेजारी एक आजी-आजोबा.

“खुबा बदलून वर्ष नाही झालं, आणि तुला पाठीवर सॅक लावून डोंगर चढायचाय.”

“सराव करतेय ना. सॅकमध्ये विटा भरून रोज जिना चढते. आता तर हलकी लागते.”

“लागणारच. मी रोज एक वीट काढून कोनाड्यात लपवतो.”

“माहितीये. तीच मी तुमच्या पिशवीत टाकते.”

“कुठल्या पिशवीत?”

“पाणी घेऊन माझ्यामागून जिना चढता ना, त्या. टॉवेलखाली.”

“तरीच माझा खांदा धरलाय.”

“म्हणून तर तुमचाही नंबर लावलाय. निघायच्या आत बरा व्हायला हवा. तंबू तुम्हालाच उचलायचाय.”