मी वगळलेले बावीस सेकंद

कऱ्हाटीकर मंडळी, तात्यांच्या घरची माणसं, आणि इंदापूरहून आलेले मारुतीभाऊ, सगळ्यांना रामराम.

धुळातात्यांच्या या शोकसभेत माझ्या आधी चौघं बोलले. चांगलं बोलले. मला तसं जमणार नाही. सकाळपासून दोनदा वाटलं, चिठ्ठी पाठवावी आणि मागच्या मागं बारामतीची एस.टी. धरावी. पण धुळातात्यांच्या बाबतीत माझ्या हातून एक खोटं या गावात पसरलंय. ते मी पसरवलं. ते मीच उचलायला पाहिजे, आणि जिथं सांडलं तिथंच उचलायला पाहिजे.

मला तुम्ही ओळखता. बारामतीत माझं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान आहे. सातवी पास. कुणाच्या हाताखाली शिकलो नाही. जुने रेडिओ उघडले, बिघडवले, पुन्हा जोडले आणि शिकलो. आवाजातला दोष मला कळतो, याचा मला अभिमान होता. होता म्हणतो.

तात्यांचा आणि मारुतीभाऊंचा वाद काय होता, ते बाहेरगावच्या मंडळींसाठी सांगतो. ओवीच्या मेळात म्होरक्या पुढं बसतो. तो ओळ उचलतो, आणि ओळ संपत आली की मागचे ती धरून लांबवतात. त्याला झील धरणं म्हणतात. या गावच्या मेळाचे म्होरके होते बिराआबा, तात्यांचे थोरले भाऊ. आबा गेले आणि पुढच्या जत्रेला तात्या म्होरं बसले. तात्या म्हणायचे, आबांनी हयातीत जागा दिली. गाव म्हणायचं, दिली म्हणता, कुणी पाहिली? आणि आबांचा मुलगा, म्हणजे मारुतीभाऊ, मोठा झाल्यावर म्हणाला, "चुलत्यानं माज्या बापाची जागा बळकावली." तो इंदापूरला गेला. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं. तात्यांच्या उंबऱ्याला पाय लावला नाही.

मारुतीभाऊ, हे तुमच्यासमोर बोलतोय. चुकलं तर अडवा मला.

आता माझं. गेल्या वर्षी बारामतीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये इंटरनेट आलं. पुण्याच्या नंबरावर फोन लागायचा, मशीन कर्कश ओरडायचं आणि मग पान एकेक ओळ करत वरून खाली उतरायचं. क्लासच्या अनिता मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्हाला काय बघायचंय?" मी म्हणालो, "बघायचं नाही, ऐकायचंय."

मंडळी, काय सांगू. परदेशातल्या विद्यापीठांनी आवाज साठवून ठेवलेत. कुणीही ऐकावेत, फुकट. मी वाफेच्या इंजिनाचा आवाज ऐकला. समुद्राच्या तळाशी मासे कसे कुरकुरतात ते ऐकलं. कुठल्याशा डोंगरातली बाई नुसत्या शिट्टीनं समोरच्या डोंगरावरच्या माणसाशी बोलते, ते ऐकलं. भाषा एकही कळत नव्हती. डिक्शनरी मांडीवर घेऊन मी यादी वाचायचो. दर गुरुवारी दुकान अर्धा दिवस बंद ठेवून जायचो. बायको म्हणाली, "घरातला रेडिओ सहा महिने बंद पडलाय, त्येचं बगा की." ते खरंच होतं.

आणि एका गुरुवारी यादीत कऱ्हाटी दिसलं.

इंग्रजीत. खाली लिहिलेलं, धनगरांची ओवी, मुख्य गायक बिरा. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी कुणी परदेशी बाई इथं येऊन रेकॉर्डिंग करून गेली होती. ती बाई काहींना आठवत असेल. बाभळीखाली खुर्ची टाकून बसायची, असं तात्या सांगायचे.

फाइल उतरायला पाऊण तास. अर्ध्यावर लाइन तुटली. पुन्हा पहिल्यापासून. शेवटाला आली आणि वीज गेली. तिसऱ्या गुरुवारी उतरली. कॉम्प्युटरला वायर लावून मी ती कॅसेटवर घेतली. आणि इथं मी काय केलं, ते नीट ऐका. सुरुवातीला एक शिट्टी होती, पीं करून. मग चिमण्या भांडाव्यात तशी बडबड. सगळे मिळून बावीस सेकंद. मला वाटलं, कचरा आहे. मी सफाईदार काम करणारा माणूस. तेवढं वगळलं आणि ओवी सुरू झाल्यावरच रेकॉर्डचं बटण दाबलं.

कॅसेट घेऊन कऱ्हाटीला आलो. तात्यांना म्हणालो, "तात्या, आबांचा आवाज आणलाय." तात्या उठून बसले. तात्यांच्या कारभारीण पारूकाकू चूल सोडून आल्या. मी टेप लावला. तात्यांनी डोळे मिटून अखेरपर्यंत ऐकलं. मग म्हणाले,

"ह्यो आबा न्हाय."

मी म्हणालो, "अहो तात्या, तिथं लिहिलंय."

"लिवलं आसंल. ह्यो आबा न्हाय. ह्यो कोन मानूसच हाय का न्हाय, त्येबी मला कळंना."

"विद्यापीठानं लिहिलंय, तात्या."

"तुमच्या इद्यापीठानं आबाची झील धरली व्हती का वं? मी धरलीया. सोळा वर्सं."

मला राग आला. तीन गुरुवार मी कशासाठी घालवले? यांना आवाज नको होता, यांना फक्त आपलं खरं करायचं होतं, असं मनात आलं. उठलो. चहा तसाच ठेवला. स्टँडवरच्या हॉटेलात आलो आणि सात-आठ जणांसमोर म्हणालो, "म्हाताऱ्याचा कान गेलाय. सख्ख्या भावाचा आवाज ओळखू येत नाही."

हे मी म्हणालो. मी. तुमच्यातले तिघं त्या बाकावर होते. मी नावं घेत नाही.

पुढं काय झालं, तुम्ही जाणता. ज्याला भावाचा आवाज ओळखू येईना, त्याचं जागेबद्दलचं बोलणं तरी खरं कशावरून? असं सुरू झालं. जत्रेत तात्यांना म्होरं बसायला कुणी बोलावलं नाही. तात्या मागं बसले. झील धरली आणि घरी गेले.

मला तेवढ्यानंही पुरं वाटेना. लेखी पुरावा पाहिजे होता. गावात दाखवायला. म्हणून क्लासमध्ये जाऊन मी ते इंग्रजी पान छापून घेतलं आणि दुकानात डिक्शनरी घेऊन शब्द न् शब्द लावत बसलो. पाचव्या ओळीला हात थांबला. त्या बाईनं लिहिलं होतं की त्या दिवशी मशीनची बॅटरी उतरली होती. म्हणून सुरुवातीला एका ठरावीक सुराची शिट्टी वाजवली आहे. ऐकणाऱ्यानं आधी त्या सुरावर वेग लावून घ्यावा.

शिट्टी. मी वगळलेली शिट्टी.

मंडळी, हे माझं शास्त्र आहे. रेकॉर्ड करताना मोटर हळू फिरली, तर नंतर नेमक्या वेगानं लावल्यावर आवाज घाईचा आणि बारीक येतो. आल्या गिऱ्हाइकाला मी हे सांगतो. आणि तात्या मला साध्या मराठीत तेच सांगत होते की हा माणसाचा आवाज नाही. मला ऐकू आलं नाही. ज्याचा कान गेला होता तो मी.

तो कागद मी आठ दिवस ड्रॉवरमध्ये ठेवला. खोटं कशाला सांगू? ठेवला. कुणाला कळणार होतं? त्या आठ दिवसांत तात्यांनी अंथरूण धरलं, ते मला कळलं नव्हतं. पण कळलं असतं तर मी लगेच निघालो असतो का, हे मला आज छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

नवव्या दिवशी क्लासमध्ये गेलो. फाइल पुन्हा उतरवायची होती, कारण ते बावीस सेकंद माझ्याकडं कुठंच नव्हते. लाइन लागेना. लागली तर तुटायची. मॅडमनी विद्यार्थ्यांना बाहेर बसवलं. दुपारी एकाला उतरली. यावेळी शिट्टीसकट कॅसेटवर घेतली. दुकानात भजनी मंडळाची पेटी दुरुस्तीला आली होती. शिट्टी पेटीवर लावून बघितली. कागदाप्रमाणं पांढरी सहा यायला पाहिजे होती. आली वरच्या सप्तकातली पांढरी एक. म्हणजे काळी-पांढरी धरून सगळं तीन पट्ट्या वर. टेपच्या मोटरच्या पाठीला एक बारीक छिद्र असतं, आत वेगाचा स्क्रू असतो. तो फिरवत फिरवत शिट्टी पांढरी सहावर आणली. चार मिनिटं तीस सेकंदांचं ते रेकॉर्डिंग पाच मिनिटं एकवीस सेकंदांचं झालं. आणि त्या चिमण्यांच्या भांडणातनं माणसं बोलायला लागली.

तशीच मशीन पिशवीत घातली आणि कऱ्हाटी गाठली. पारूकाकू दारातच उभ्या. "आता काय ऱ्हायलं म्हून आलासा?" मी पिशवी दाखवली. आतून तात्यांचा आवाज आला, "येऊ दे. बॅटरी घिऊन आलाय का बग, लाइट न्हाय."

बॅटरी होती.

लावलं. शिट्टी झाली. मग एक दमेकरी, जाड आवाज. तो काय म्हणाला, ते जसंच्या तसं सांगतो. "धुळा, म्होरं सरक. आजपास्नं तूच. माज्या छातीत आता दम न्हाय. मी झील धरतो." दुसरा, तरणा आवाज म्हणाला, "न्हाय आबा, आसं नगं." पहिला म्हणाला, "बाई खोळांबलीया. उचल."

आणि ओवी सुरू झाली.

त्या बाईनं नावं आधीच लिहून घेतली होती. जागा नंतर बदलली. म्हणून कागदावर बिरा, आणि गातायत धुळातात्या. टेपवर दोघांचेच आवाज, बघणारा तिसरा कुणी नाही; थोरला भाऊ मागं बसून धाकट्याची झील धरतोय.

संपल्यावर तात्या उशाला टेकून बसले. मग म्हणाले, "म्या म्हनलं व्हतं न्हवं, ह्यो आबा न्हाय म्हून."

मी म्हणालो, "तात्या, मग तुमचा आहे हे का नाही सांगितलं?"

"त्यो मानसाचा तरी व्हता का? आन सोताचा आवाज कुनाला वळखू येतो, जयवंतराव?"

मी पाय धरायला वाकलो. त्यांनी पाय ओढून घेतले. म्हणाले, "मशीन खाली पडंल. आदी ती सांबाळा."

मी म्हणालो, "तात्या, उद्या चावडीवर कर्णा लावतो. सगळ्या गावाला ऐकवतो." तात्या ताडकन म्हणाले, "न्हाय. आदी मारुतीला. एकल्याला. त्यो चार वर्साचा व्हता आबा गेला तवा. त्येला बापाचा आवाज ठावं न्हाय. गावासंगं ऐकाय लावू नगा. त्येनं म्हनलं, तर गावाला. न्हाय म्हनलं, तर न्हाय."

"अहो पण तुमच्यावरचा आळ?"

"माजं ऱ्हाऊ द्या."

इंदापूरला निरोप पाठवला. एकदा, दोनदा. मारुतीभाऊ आले नाहीत. तिसऱ्या निरोपाआधी तात्या गेले.

या मंगळवारी मारुतीभाऊ माझ्या दुकानात आले. बसा म्हणालो, बसले नाहीत. लावा म्हणाले. लावलं. संपल्यावर विचारलं, "मागनं धरतोय त्यो माजा बाप?" हो म्हणालो. "कशावरनं?" मी सुरुवातीचं बोलणं पुन्हा लावलं. त्यांनी हात वर करून माझा पंखा बंद केला आणि म्हणाले, "अजून एकदा." असं सहा वेळा. चहा घेतला नाही. जाताना मी विचारलं, "मारुतीभाऊ, शोकसभेत मला बोलावं लागेल. मी तात्यांची बदनामी केलीय." ते म्हणाले, "तुमचं खोटं तुमी निस्तरा. टेपाचं मी बगतो."

मंडळी, माझं मी निस्तरलं. बिनचूक सांगितलं. धुळातात्यांचा कान शेवटपर्यंत शाबूत होता. त्यांनी कुणाची जागा घेतली नाही. माफी मागायची ती मी तात्यांची मागतो, पारूकाकूंची मागतो, आणि मारुतीभाऊ, तुमचीही मागतो. मी पहिल्याच वेळी नीट ऐकलं असतं, तर चुलत्या-पुतण्यानं एका कॉटवर बसून हे ऐकलं असतं. ते मी हिरावलं.

मशीन या टेबलावर आहे. स्क्रू नेमका लावलेला आहे. एक बटण दाबलं की गावाचा तीस वर्षांचा वाद मिटतो. माझा हात शिवशिवतोय, खोटं नाही सांगत. पण मी दाबणार नाही. मारुतीभाऊंनी मला अजून हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. नाही असेल तर कॅसेट त्यांच्या हातात देईन आणि पाचच्या एस.टी.नं जाईन. त्यांच्या बापाचा आवाज आहे. एवढाच आहे. तो कुणाला ऐकवायचा, हे त्यांनी ठरवायचं. कुणी त्यांना काही विचारायचं नाही. आजही नाही, उद्याही नाही.

आता दोन मिनिटं उभं राहायचंय. एक विनंती आहे. सगळ्यांनी माना खाली घालायच्या. नुसत्या रिवाजापुरत्या नाही, खरंच खाली. मारुतीभाऊंकडं कुणीही बघायचं नाही. मीही बघणार नाही. त्या माणसाला दोन मिनिटं कुणाच्या नजरेविना उभं राहू द्या.

तात्या, माझं चुकलं. रामराम घ्या.

उठा मंडळी. माना खाली.