तक्त्याची खालची ओळ

लोणावळ्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात सारिका तपासणीच्या दाराशीच बसली होती. शेजारचा म्हातारा ड्रायव्हर सारखा उठत होता आणि त्याची बायको त्याला सारखी खाली बसवत होती.

"बसा वं. भिंतीवर लिवलंय, नाव पुकारल्यावरच उठावे."

"येसू, गिऱ्हाईक थांबलंय स्टेशनावर."

"थांबू द्या. डॉक्टरच्या सहीबिगर लायसन व्हतंय का?"

"आधी क्वालिस, मग इनोव्हा. घाटात कुटं खरचटलं न्हाई. अख्खं घरदार माझ्या गाडीत डोळं मिटून बसतं."

"त्यांनी मिटल्यालं चालतंय. परवाची म्हैस?"

"धुकं व्हतं."

"मला तर शेजारच्या सीटवरनं शिंगासकट दिसली."

"झालं तुझं सुरू."

"क्वालिस का वं बंद केली कंपनीनं? खटारा झालती?"

"खटारा? लय खपत व्हती. खपत असतानाच बंद केली, म्हनून तर लोक अजून नाव काढत्यात."

"शाणी मान्सं."

"कंपनीचं कंपनीपाशी. दार उघडं हाय बघ. तितला तक्ता दिसतोय का तुला? वरची अक्षरं मला दिसतील. खालची वळ तेवढी सांग, पाठ करतो."

येसूबाईनं मान लांब करून बराच वेळ पाहिलं.

"र, भ, ल, क."

"र, भ, ल, क. नक्की?"

"नक्की."

आतून नाव पुकारलं. म्हातारा अक्षरं पुटपुटतच उठला. येसूबाईनं त्याची टोपी सरळ केली.

सारिकानं दारातून तक्त्याकडं पाहिलं. खालच्या ओळीत ग, त, म, न होतं.