ब्लॉगचं उद्यापन

दर गुरुवारी ब्लॉगवर एका व्रताची कहाणी लिहायची, असा नेम मी देवासमोर हात जोडून घेतला होता, हे तुम्हाला ठाऊकच आहे. यंदा मे महिन्यात आम्ही गुहागरला गेलो आणि समुद्र, फणस, नणंदेचा आग्रह यांत माझे सगळे गुरुवार निघून गेले. खरं सांगू? मजेत गेले.

परतल्यावर आमच्या नौपाड्यात भाजी घेताना एक अनोळखी बाई म्हणाल्या, "ब्लॉगवाल्या ताई ना? फोटोवरून ओळखलं. उद्यापन केलंत आणि आम्हाला जेवायला बोलावलं नाहीत!"

"अहो, उद्यापन कसलं? मी फिरायला गेलेले."

"अगंबाई! मी सासूबाईंना दर गुरुवारी वाचून दाखवते. त्या रुसून बसल्यात. म्हणतात, एवढ्या कहाण्या ऐकल्या, पण सांगता करताना तिला आपली आठवण नाही झाली."

मग काय, दोघींना घरी बोलावलं आणि पुरणपोळी केली. सासूबाई पोटभर जेवल्या. त्या निघताना मी वाकून नमस्कार केला, तर त्यांनी माझा हातच धरला. "हे उद्यापन नाही हं. येत्या गुरुवारी कहाणी हवी मला."

तुमचंही काही लिहायचं राहिलं असेल, तर वाचणाऱ्याला एकदा जेवायला बोलवा. मग लिहावंच लागतं बघा.