जप्त केलेला चष्मा

मी, खाली सही करणारा, वय ४१, धंदा चष्म्याच्या दुकानात नोकरी, काचा घासून फ्रेममध्ये बसवणे, राहणार दुकानामागची तिसरी गल्ली, समक्ष हजर होऊन सांगतो की,

घरी मी आणि थोरला भाऊ, दोघेच राहतो. दादा बोलत नाही. लहानपणी डॉक्टरांनी आम्हाला एकाच दिवशी तपासले. दोघांच्या कागदावर ऑटिझम हाच शब्द आहे. त्याच्यापुढे तीव्र, माझ्यापुढे सौम्य. आई म्हणायची, "एकाच माळेचे मणी." लोकांच्या डोळ्यांत कसे बघायचे, विनोदाला किती हसायचे, हे मी आरशासमोर शिकलो. दुकानात कोणालाही हे माहीत नाही.

आज सकाळी मी माझा जवळचे बघायचा चष्मा घरी विसरलो. दुकानातल्या एका चष्म्यावर काम भागवले. दुपारी चारच्या सुमारास दादा दुकानात आला. तो एकटा कधी रस्ता ओलांडत नाही. त्याच्या हातात चष्मा होता. मी आतल्या टेबलावर होतो, त्याला दिसलो नाही. तो काउंटरवरच्या फ्रेमा लहानमोठ्या क्रमाने लावू लागला. मालकांनी हात धरताच तो कान झाकून खाली बसला आणि ओरडू लागला.

मालकांनी मला बाहेर बोलावून विचारले, "ओळखतोस का रे याला?" मी नाही म्हणालो. माझा आवाज ऐकून दादा ओरडायचा थांबला.

मालकांनी त्याच्याकडचा चष्मा मला दाखवला. "माल आपलाच ना?" डाव्या दांडीला मीच बसवलेला पितळी स्क्रू होता. मी म्हणालो, "असेल."

"चोर तो चोर, वर वेड पांघरतोय," मालक म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो. एरवी मला हसायला जरा उशीर होतो. आज झाला नाही.

पोलीस दादाला घेऊन गेले. मी राहिलेल्या चार काचा पुऱ्या केल्या. सहाला दुकान बंद झाल्यावर इथे चौकीवर आलो. मला याची लाज वाटते.

दादाने चोरी केलेली नाही. चष्मा माझा आहे, नंबर अधिक अडीच. तो मला द्यायला आला होता. त्याला सोडावे. माझ्या नोकरीचे काय व्हायचे ते होवो.

माझा चष्मा जप्त असल्याने हा जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. मध्येच थांबून ते म्हणाले, "हसल्याचं खोडू का? चोरीशी त्याचा काही संबंध नाही." मी म्हणालो, "राहू द्या." जबाब मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.