प्रत्यक्षदर्शीचा नवरा

आणि वर म्हणतात, "काका, जरा आणखी घाबरा!" अहो, आणखी म्हणजे किती? सतरा वेळा घाबरलो मी त्या दिवशी! सकाळी नऊपासून घाबरतोय, मध्ये जेवायला सोडलं, हात धुऊन आलो की परत कॅमेऱ्यापुढे घाबरायला उभा... आणि कुणाला घाबरत होतो? काठीला टोचलेल्या टेनिसच्या चेंडूला! "काका, हे श्वापदाचे डोळे समजा." अहो, डोळे दोन असतात, चेंडू एक! म्हटलं, दुसरा डोळा कुठाय? तर म्हणे तो तळ्यात गेला, तुम्ही एकाकडेच बघा. आणि हा सगळा खटाटोप कशासाठी, तर मी जे पाहिलं ते परत करून दाखवायला. तुम्हाला सांगतो, मी काही पाहिलंच नव्हतं हो!

हसताय? हसा. मीही पहिले चार दिवस हसत होतो.

सांगतो पहिल्यापासून. माझी लॉन्ड्री. पुढे काउंटर, मागे इस्त्र्या, आणि पाठीमागे तळ्याच्या काठाला दोऱ्या बांधल्यात, तिथे चादरी वाळतात. दवाखान्याच्या, लॉजच्या, सगळ्या. धुणं-इस्त्री माझ्याकडे, वाळत घालणं, काढणं, घड्या घालणं आमच्या हिच्याकडे. तर एक दिवस दुकानासमोर तीन गाड्या येऊन उभ्या. टीव्हीवाले! 'श्वापदाच्या मागावर' म्हणून कार्यक्रम आहे, कुठे जंगलात काही दिसलं, कुठे पाण्यात काही हललं, की ही मंडळी हजर. आमच्या तळ्यात काहीतरी आहे ही आवई जुनीच. त्यांच्यातला तो मुख्य शिकारी, दाढी छातीपर्यंत, टीव्हीवर मगरीशी झोंबतो, तो प्रत्यक्षात इतका गरीब माणूस... पाण्याजवळ जायलाच तयार नाही, गारव्यानं कान दुखतात म्हणून! त्याचं जाकीट आलं माझ्याकडे. चिखलानं बरबटलेलं. एक जण आला, काउंटरवर टाकलं, "संध्याकाळपर्यंत" म्हणाला आणि गेला. आता लॉन्ड्रीवाल्यापुढे बरबटलेलं जाकीट आलं तर तो काय करेल? धुतलं! दोन पाण्यांतून काढलं, कॉलरला ब्रश मारला, कडक इस्त्री केली. संध्याकाळी दिग्दर्शकबाई आल्या. बाई कसली, पंचविशीची पोरगी, गळ्यात हेडफोन. जाकीट बघितलं आणि मटकन खालीच बसली.

"काका... चिखल कुठाय?"

म्हटलं, गेला! अगदी छाती काढून म्हटलं हो. तर म्हणे, "तो चिखल आम्ही चार दिवस जपला होता! अर्धं शूटिंग त्या चिखलात झालंय! नुसती चेन दुरुस्त करायची होती, काका, चेन!" आणि लागली रडायला. तीस वर्षांच्या धंद्यात डाग राहिला म्हणून शिव्या खाल्ल्यात मी, पण डाग गेला म्हणून रडणारं माणूस पहिल्यांदा बघितलं. तिची समजूत काढायची म्हणून माझ्या तोंडून निघून गेलं, "रडू नका ताई, आमच्या हिनं बघितलंय ते तळ्यातलं."

रडणं बंद! नळ फिरवावा तसं बंद!

खरंच बघितलं होतं हिनं. अकरा वर्षं झाली. सकाळी एकटीच चादरी वाळत घालत होती, समोर पाणी फुगलं आणि एक पाठ वर आली, लांब, काळी. आवाज नाही, काही नाही. मान वळवून हिच्याकडे बराच वेळ बघितलं आणि खाली गेलं. घरी येऊन तिनं मला सांगितलं, आणि मी काय केलं? हसलो. "अगं, ओंडका असेल!" ओंडका मान वळवतो का? पण म्हटलं. त्यानंतर तिनं तो विषय कुणाकडेच काढला नाही.

तर दुसऱ्या दिवशी हिला बसवली कॅमेऱ्यासमोर. बाईंनी विचारलं, "काय वाटलं तुम्हाला त्या क्षणी?" ही म्हणाली, "बरं वाटलं." बाई म्हणाल्या, "म्हणजे सुरुवातीला भीती वाटली आणि मग..." "नाही. बरंच वाटलं. शांत होतं ते." "थोडी तरी भीती? अगदी थोडी?" "नाही हो." बाईंनी मला कोपऱ्यात घेतलं. "काका, बरं वाटलं हे नाही चालत. श्वापद बघून लोकांना बरं वाटायला लागलं तर जाहिराती संपेपर्यंत थांबेल कोण? तुम्ही सांगाल का? तुमचा चेहरा छान आहे. मुळातच घाबरलेला आहे."

अहो, तो धंद्यानं झालाय! तीस वर्षं दुसऱ्याच्या शर्टावर तापलेली इस्त्री फिरवून बघा, तुमचाही होईल! मी म्हटलं, पण बाई, मी काही पाहिलंच नाही. तर म्हणे, "घरातल्या घरात तर आहे, काका. तिनं काय, तुम्ही काय." मला ते पटलं. म्हणजे... पटवून घेतलं. तो चिखल घालवला होता ना मी, त्याची भरपाई म्हणून. आणि खोटं कशाला बोलू, टीव्हीवर दिसायचंही होतं. शाळेच्या फोटोतसुद्धा मी कुणाच्या तरी मागे आहे.

घरी येऊन हिला विचारलं, सांगू का मी? ही घडी घालत होती. म्हणाली, "तुम्हाला हवं असेल तर सांगा." आता बावीस वर्षांच्या संसारानंतर, बायकोच्या "तुम्हाला हवं असेल तर" चा अर्थ मला कळला नाही असं समजू नका. चांगला कळला. म्हणूनच चपला घालून पटकन निघालो.

आणि मग काय सांगू ते शूटिंग! रात्रीचा थरार म्हणून जे तुम्ही बघता ना, ते दुपारी तीन वाजता, तळ्याकाठच्या गोदामाला काळे पडदे लावून. पावलाचा ठसा? साउंडवाल्यानं उठवलेला, तवा आणि तीन चमचे घेऊन! आणि तो शिकारी त्याच्यापुढे गुडघे टेकून मला विचारतो, "तुम्ही पाहिलेलं पाऊल हेच का?" काय सांगू? तव्याचं हँडल कुठल्या बाजूला होतं तेसुद्धा मला ठाऊक! म्हटलं, "हेच!" मग पळा. पळालो. "काका, पळताना मागे बघा." मागे बघून पळालो, दोरीत अडकून पडलो. "वा! पडलेलं ठेवू!" मग डोळे कसे होते? बाईंनी सुचवलं, लाल. म्हटलं लाल. दात? म्हटलं... हो, दात. किती मोठे? मी हात पसरले. "आणखी पसरा." पसरले. आणि मी काही पाहिलंच नव्हतं हो!

कार्यक्रम लागला त्या दिवशी सगळी आळी आमच्या घरात. समोरचा केमिस्ट दुकान बंद करून आला. पडद्यावर माझा चेहरा, एवढा मोठा, आणि खाली नाव नाही, गाव नाही, नुसतं 'प्रत्यक्षदर्शी'. टाळ्या! ही मागे दाराला टेकून उभी होती. मी पडलो तिथे सगळे हसले, दातांचं आलं तिथे सगळे गप्प. संपल्यावर मंडळी गेली. कप उचलता उचलता ही म्हणाली, "दात नव्हते त्याला."

एवढंच बोलली. भांडली असती तर बरं झालं असतं हो, मला भांडण मिटवता येतं. हे मिटवायचं कसं?

आणि पुढे तर विचारूच नका. पोरं काठ्या घेऊन तळ्यावर. दगड मारतात पाण्यात, बाटल्या मारतात, वर येतंय का बघायला. धोकादायक म्हणून कुंपण घातलं, आमच्या दोऱ्या काढायला लावल्या. आता चादरी गच्चीवर वाळतात. ही अकरा वर्षं रोज त्या काठावर उभी राहायची, आता तिच्यासमोर पाण्याच्या टाक्या. आणि लोक दुकानात येऊन कुणाशी बोलतात? माझ्याशी! "काका, ते दात परत दाखवा ना." मी हात पसरतो. ही बाजूला पावती फाडते. एकदा तरी म्हणायला हवं होतं मी, हिला विचारा, मी काही पाहिलंच नव्हतं. जिभेवर यायचं, आणि तेवढ्यात कुणीतरी फोटो काढायचा.

गेल्या आठवड्यात परत आले टीव्हीवाले. दुसरा भाग! या वेळी प्रत्यक्षदर्शीची बायको हवी, दोन वाक्यांपुरती. मी रात्रंदिवस ठरवत होतो, म्हटलं, आता ही खरं काय ते सांगेल, माझी अब्रू जाईल, जाऊ दे, लायकीच आहे, पण हिचं हिला परत मिळेल. बाईंनी विचारलं, "त्या दिवशी काका घरी आले तेव्हा काय झालं?" हिनं सरळ कॅमेऱ्यात बघितलं. चेहरा शांत. म्हणाली, "आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, तळ्यात काहीतरी बघितलं. मी हसले. म्हटलं, ओंडका असेल."

"कट! वा! एका टेकमध्ये!" एका टेकमध्ये, बघा! मला सतरा लागले होते.

घरी येताना तळ्यावरून आलो. कुंपणापाशी थांबवलं तिला. म्हटलं, अगं का? तुझं होतं ना ते, मला का देऊन टाकलंस? ती जाळीतून पाण्याकडे बघत होती. म्हणाली, "आता माझ्याकडे राहिलंय कुठे? पूर्वी रोज रात्री अंथरुणावर पडून डोळे मिटले की ते दिसायचं. झोप छान लागायची. आता डोळे मिटले की तुम्हीच दिसता."

बघा आता! बावीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा बायको मला म्हणाली, की डोळे मिटले की तुम्हीच दिसता... आणि मी काय म्हणालो असेन? म्हटलं, "माफ कर."